शेवंतीबायच्या देव्हाऱ्यातली लिलिथ

बाय, तुझ्या देव्हाऱ्यातली ती बाई आता माझ्याकडे आहे. हरमलहून मुळगावपर्यंत बसमधून तिला मांडीवर घेऊन आलो, बाजाराच्या पिशवीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. सध्या कपाटावर ठेवलीय. सुमती तिला खाली काढू देत नाही. "पोटुशी पोर घरात असताना तुमी राक्षसीण हाडलीत?" म्हणाली. बायकोशी वाद घालायचीसुद्धा ताकद उरलेली नाही गो. तेरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला "होय, अचानकच गेली" म्हणून सांगून तोंड दुखायला लागलंय.

तू गेलीस ते आधी पाववाल्या पोदेराला कळलं. रोज सकाळी त्याचा भोंपू वाजला की तू दारात. त्या दिवशी तो वाजवत राहिला, मग सायकल भिंतीला लावून आत आला. शेजाऱ्यांना त्यानंच हाक मारली. मी पोचलो तेव्हा तुझे दोन पाव खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले होते, कागदात बांधून. गेलेल्या माणसाचे पाव परत कसे न्यायचे म्हणून बिचारा ठेवून गेला असेल.

तेराव्याला देव्हारा आवरताना भटानं ते चित्र हातात घेतलं. सातेरी ओळखली त्यानं, भगवती ओळखली. मग म्हणाला, "आणि ही केस सोडलेली कोण?" मी म्हटलं, "बायची आहे." तो म्हणाला, "शास्त्रात नाही. विसर्जन करा." मी म्हटलं, "करतो," आणि पिशवीत घातली. या चित्राच्या बाबतीत खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. त्या पहिल्या खोट्यासाठीच हे लिहायला बसलोय. तू असताना बोलता आलं नाही. आणि परवा रविवारी कारापूरहून सासरचे तिघेजण येणार आहेत, आपल्या लेकीला, मेघाला घेऊन जायला. त्याआधी हे बोलून टाकलं नाही, तर मी पुन्हा कच खाईन. मला मी चांगला ओळखतो.

तुझं लग्न वाळपईला झालं. माणसं नावाजलेली, बाजारात दुकान, घरात कशाची वाण नाही. दीड वर्षानं तू एक कापडी पिशवी घेऊन बाहेर पडलीस ती मुळगावला न येता थेट हरमलला, विधवा मावशीकडे गेलीस. माहेर सोडून मावशीकडे का, म्हणून आईनं किती त्रागा केला. मुळगावला आली असतीस तर आम्ही तुला दुसऱ्या बसनं परत पोचवलं असतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

आणि कारण काय, तर ताट. त्या घरात बाईनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. ताट धुवायचं नाही, त्याच्या खरकट्यावरच आपला भात वाढून घ्यायचा. आपल्या आईनंही जन्मभर तेच केलं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं दिसेना. तू पहिल्या दिवसापासून आपलं ताट वेगळं घेतलंस. दीड वर्ष त्यावरून कुरबुर. शेवटी सासूनं तुझं ताट उचलून माळ्यावर टाकलं. तू परसातलं केळीचं पान कापून आणलंस. तेव्हा भावोजी म्हणाले, या घरात जेवायचं तर माझ्या ताटात, नाही तर जेवू नकोस. दोन दिवस तू जेवली नाहीस. पुढच्या सकाळी निघालीस.

तुला आणायला तिघे गेलो. आपले अण्णाकाका, तुझा थोरला दीर आणि मी. मी बावीस वर्षांचा, नुकताच खाणीच्या काट्यावर कारकून लागलेला. दिवसभर टिपर तोलायचे, भरलेले आणि रिकामे, आणि संध्याकाळी साहेब झाल्यासारखं घरी यायचं. पँटीला इस्त्री करून आलो होतो मी तुला न्यायला! भावोजी आले नाहीत. "मी कशाला जाऊ? तिची ती गेली, तिची ती येऊ दे," म्हणाले. म्हापशाहून शिवोली, शिवोलीहून फेरीबोटीनं चोपडें, पुढं मिळेल ते वाहन आणि उरलेली वाट पायी. समुद्राचा आवाज ऐकू यायला लागला तेव्हा अण्णाकाका म्हणाले, "भलतीच लांब पळाल्या रे ही."

मावशीच्या ओसरीवर आम्ही बसलो आणि अण्णाकाकांनी सुरू केलं. "मारता काय तो तुका? नाय. पिता काय? नाय. मगे?"

तू दाराला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "माका माझा ताट व्हया."

दीर तोंड फिरवून माडांकडे बघत राहिला. आणि मग मी बोललो. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "बाय," मी म्हटलं, "एका ताटापायी संसार मोडतलंस?"

तू त्या दोघांना उत्तरं दिलीस, मला दिलं नाहीस. नुसतं बघितलंस. मग आत गेलीस आणि रांधायला लागलीस. दुपारी केळीची पानं मांडलीस, पाच, एका ओळीत. आम्हा तिघांची, मावशीचं आणि तुझं. आणि सगळ्यांच्या आधी आपल्या पानावर बसलीस! दीर उठला आणि बाहेर जाऊन विडी ओढत बसला. अण्णाकाका जेवले, पण मान वर केली नाही. मी मात्र व्यवस्थित जेवलो. सुक्या कोळंबीची किसमूर होती, तुझ्या हातची, आणि मला भूक लागली होती. त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

"जेवलात मरे?" तू म्हणालीस. "आता चला. शेवटची फेरी चुकतली."

मग आयुष्यभर आपण त्या ताटावरून भांडलो. चवथीला मी यायचो, मावशी गेली तेव्हा महिनाभर राहिलो, दर खेपेला कुठून तरी गाडी तिथंच यायची. मी म्हणायचो, सगळ्यांच्याच बायका तसं जेवत होत्या, तुला तेवढंच कसं जड झालं? तू म्हणायचीस, "वाळपयक गेलस तर बघ, माझा ताट अजून माळ्यार आसा काय." आणि हसायचीस. मी चिडायचो. चिडून उठून जायचो आणि समुद्रावर एक फेरी मारून जेवायला परत यायचो. मासे तुझ्या घरी चांगले मिळत, हे एक, आणि तू माझी बहीण, हे दुसरं.

मावशीच्या माघारी तू मागच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायला लागलीस. एका हिवाळ्यात इस्राएलची नोआ आली, काखेला चार महिन्यांची मुलगी घेऊन. बरोबर कुणी पुरुष नाही. तू विचारलंही नाहीस. जुन्या साडीचा झोका बांधून दिलास, पोरीला तेल चोळून न्हाऊ घालायला लागलीस. नोआनं त्या झोक्यावर भिंतीला एक कागद टाचला होता, तिच्या आजीनं दिलेला. काळ्या शाईनं काढलेली बाई, केस मोकळे, हात पसरलेले, पायांत साखळी. वर तीन पाखरांसारखे आकार आणि भोवती नोआच्या भाषेतली अक्षरं. मार्चात नोआ गेली, तेव्हा तो कागद तुझ्या हातात देऊन, तुझ्या गळ्यात पडून गेली. काय सांगितलं तिनं ते तुला कळलं नाही आणि तू काय बोललीस ते तिला.

पण तुझं ठरलं. बाळाच्या डोक्यावर लावलेली बाई म्हणजे आपल्या सटवीसारखी कुणीतरी, पोरांना राखणारी. तू म्हापशाला जाऊन कागद काचेत बसवून आणलास आणि देव्हाऱ्यात सातेरीच्या शेजारी ठेवलास. दर शुक्रवारी तिला तांबड्या दासणीचं फूल. गावातल्या बाळंतिणी येऊन हात जोडून जायला लागल्या. मी काय वेगळा? मेघाच्या दहावीच्या परीक्षेला मी तिच्यापुढं नारळ ठेवला होता. पोर पास झाली, मी पेढे आणले, त्यातला एक तिच्यापुढंही ठेवला.

मग खाणी बंद पडल्या. काटा बंद, ऑफिस बंद, आणि मी घरात बसून सुमतीच्या मागं कटकट करायला लागलो. फोडणीत मोहरी किती घालायची हेसुद्धा मी सांगायला लागलो होतो. तिनंच तुझ्याकडं तक्रार केली असणार. तुझा फोन आला, "तुका इंग्लिश येता मरे? मगे ये हंय. माका ह्यांच्याशी बोलूक माणूस व्हयो." मी गेलो. ते सगळे हिवाळे मी तुझ्या घरी दुभाषा होतो. गरम पाणी कधी येतं, साप विषारी आहे का, माडाखाली झोपू नका, डोक्यात नारळ पडेल. एवढंच, पण सकाळी उठून दाढी करायला कारण मिळालं. त्या दिवसांत तू मला सावरलंस, बाय. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तूही "तुका सावरूक बोलावला" असं कधी म्हणाली नाहीस. कामालाच बोलावल्यासारखं वागवलंस, नारळ सोलायला लावलेस, उशिरा उठलो की बोललीस.

त्याच काळात नोआ परत आली. मुलगी आता दहा वर्षांची, उंच, दात पडलेली. तू ओसरीवर विळी मांडून बांगडे कापत होतीस. नोआ धावत आत गेली, तुझ्या देवांना बघायला, आणि देव्हाऱ्यासमोर मटकन बसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसायला लागली. मला म्हणाली, हिला सांग, ही देवी नाही. ही लिलिथ आहे. आमच्यातली राक्षसीण. माझ्या आजीनं हा कागद तिला लांब ठेवायला दिला होता.

मी तुला सांगितलं. तू बांगड्याचं डोकं उडवलंस आणि म्हणालीस, "बस आणि सगळी गोष्ट सांग म्हण तिका."

नोआ सांगत गेली, मी आपल्या भाषेत आणत गेलो. देवानं पहिला पुरुष मातीचा केला आणि पहिली बाईही त्याच मातीची केली. ती लिलिथ. दोघांचं पटेना. तो म्हणे, तू खाली. ती म्हणे, मी का खाली? आता बहिणीला हे कसं सांगायचं, बाय? माझे कान लाल झाले. मी म्हटलं, "तो तिला खाली बस म्हणाला."

"खाली म्हणजे? उष्ट्या ताटाक?"

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

"मगे बरोबर," तू म्हणालीस.

नोआ पुढं सांगत होती. लिलिथ म्हणाली, आपण दोघं एकाच मातीची, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. आणि देवाचं गुप्त नाव उच्चारून ती उडून गेली, थेट समुद्राकाठी. इथवर मी नीट सांगितलं. मग नोआनं तीन बोटं वर केली. तिला परत आणायला देवानं तीन दूत पाठवले. ते समुद्राकाठी गेले, समजावलं, धमकावलं. ती आली नाही.

बाय, मी तिथं अडकलो. माझ्या डोळ्यांपुढं ती पाच पानं आली, आणि माझी इस्त्रीची पँट.

"तीन काय रे?" तू विचारलंस.

"तीन दिस," मी म्हटलं. "तीन दिस ती खंय होती ता कोणाक कळाक नाय."

तू विळीवरून मान वर करून चित्राकडं बघितलंस. वरच्या तीन पाखरांकडं. मग माझ्याकडं. आणि पुढचा बांगडा घेतलास.

उरलेली गोष्ट मी घाईघाईनं संपवली. ती मुलं मारते, बाळंतिणींना त्रास देते, पण तिनं एक शब्द दिलाय की जिथं हा कागद असेल तिथल्या बाळाला हात लावणार नाही. मी म्हटलं, आता तरी काढ ते तिथून. लोकांना कळलं तर काय म्हणतील, दहा वर्षं तू राक्षसिणीला फुलं वाहिलीस! तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि मलाच विचारलंस, आपल्या गावचा राखणदार कोण? देवचार. त्याला आपण रोट देतो, विडी देतो, सोरो ओततो, आणि तो शीव राखतो. देवचाराला चालतं ते हिला का चालू नये? "दिलेलो शब्द पाळता मरे ती? मगे तुझ्या भावोजीपरस बरी." आणि सातेरी म्हणजे तरी काय, तू म्हणालीस, रोयण, वारूळ, मातीच. दोघी एका मातीच्या, बसतील शेजारी.

नोआला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्या मुलीला पाणी आणावं लागलं. चित्र तिथंच राहिलं. तू तिला लिलीबाय म्हणायला लागलीस. आणि मी सुटलो असं मला वाटलं.

सुटलो नव्हतो. तेराव्याच्या आधी दोन दिवस, तुझ्या ओसरीवर बसून मेघानं मला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा आलेल्या नोआच्या मुलीनं सगळी गोष्ट मोबाईलवर घातली आणि मोबाईलनं ती तुला मराठीत वाचून दाखवली. तीन दूतांसकट. "मोबाईल माझ्या भावापरस खरा बोलता," असं तू मेघाला म्हणाली होतीस. म्हणजे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं. मी तुझ्या घरी येत होतो, जेवत होतो, भांडत होतो, आणि तू मी सांगण्याची वाट बघत होतीस. एकदा तरी माझा कान धरायचा होतास गो! धरला असतास तर मी बोललो असतो. कदाचित.

आता मेघाचं सांगतो. थोडं तुला ठाऊक आहे, कारण पोटात बाळ आहे हे तिनं सगळ्यांच्या आधी तुला सांगितलं. आम्हाला नंतर. "न्हाऊ घालूक मी येतलंय," असं तू तिला कबूल केलं होतंस. पण तिच्या घरातल्या अबोल्याबद्दल ती तुझ्याशीही फार बोलली नव्हती म्हणते. जावई शांत माणूस. आवाज चढवत नाही. मेघानं एखादी गोष्ट नाकारली की तो बोलायचं थांबवतो. तो थांबला की त्याची आई थांबते, भाऊ थांबतो, भावजय थांबते. जेवण वाढलं जातं, दार उघडलं जातं, पण तिच्याशी एक शब्द कुणी बोलत नाही. मेघा सगळ्यांच्या पाया पडून "चुकलं" म्हणेपर्यंत. पहिल्यांदा चार दिवस झाले. या खेपेला सहावा आठवडा होता. शाळेतली नोकरी सोडणार नाही म्हणाली, म्हणून.

तू गेलीस त्या सकाळी मी आधी जावयाला फोन केला. मुद्दाम. पोटुशी पोर आहे, आत्तेवर तिचा जीव, फोनवर ऐकून धसका घेईल, नवऱ्यानं जवळ बसवून सांगावं. आपली रीतच आहे ती. तो म्हणाला, "बरं." मी पुढच्या तयारीला लागलो. मेघा आली नाही तेव्हा मला वाटलं, पोटुशीला मरणाच्या घरी पाठवत नाहीत, म्हणून ठेवली असेल. मी तर मनातल्या मनात त्यांना शहाणं म्हटलं.

त्यानं तिला सांगितलंच नव्हतं, बाय. अबोला होता ना. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी "तुमच्या आत्तेचं ऐकून वाईट वाटलं" म्हटलं, तेव्हा तिला कळलं. तशीच बसमध्ये बसली आणि हरमलला आली. तुझी राखसुद्धा तोवर गार झाली होती. ती रडली नाही. तुझ्या खाटेवर बसून एवढंच म्हणाली, "बाबा, तीन दिवस तो माझ्यासमोर जेवला."

ती परत गेलेली नाही. आणि मी, तुला खरं सांगतो, अजून घुटमळतोय. सुमती म्हणते, पहिलं बाळंतपण आहे, निभावून न्यावं. मला वाटतं, एका फोनवरून कशाला तोडायचं, पुरुष माणूस आहे, मूल झालं की सुधारेल. ऐकतेस ना? तुझ्या भावाची अक्कल तिथंच आहे, मावशीच्या ओसरीवर. तुला मावशीचं दार होतं. मेघाला तुझं होतं. आता तू नाहीस, हरमलच्या घराला कुलूप, आणि उरलंय ते फक्त माझं दार. म्हणून मला झोप नाही.

शुक्रवारी इथवर लिहून वही मिटली होती. आज रविवार. ते येऊन गेले.

तिघे. जावयाचा मोठा भाऊ, त्यांचे मामा आणि देवळाच्या कमिटीवरचे एक नातलग. जावई आला नाही. ओसरीवर खुर्च्या मांडल्या, चहा झाला, पावसापाण्याचं झालं, तुझ्याबद्दल दोन शब्द झाले. मग मामांनी सुरुवात केली.

"मारता काय तो तिका? नाय. पिता काय? नाय. मगे?"

देवाशपथ, मला हसू आलं. चाळीस वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही! अण्णाकाका जाऊन किती काळ झाला, पण त्यांचं वाक्य अजून फिरतंच आहे. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग अंगातली सगळी शक्ती गेल्यासारखं झालं. मला कळलं, मी कशानं एवढा थकलोय. जन्मभर मी तेच एक वाक्य उचलून धरलं होतं.

मी म्हटलं, "तिची आत्ते गेली, ते त्यानं तिला सांगितलं नाही."

"ता चुकलाच," मोठा भाऊ म्हणाला. "पण अबोलो होतो मरे. मगे सांगतलो कसो?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. तेव्हा कमिटीवाले घसा साफ करून म्हणाले, "तशी तुमच्या घरात ही गोष्ट नवी नाय म्हणा. तुमची भैण..."

आतून भांड्याचा आवाज आला. मेघा दाराआड उभी होती, तुझ्यासारखीच दाराला टेकून.

"होय," मी म्हटलं. "माझी भैण. तिका हाडूक तिघे गेल्ले. त्यातलो एक मी."

"मगे?" मामांनी विचारलं.

"मगे काय? तिना आमका जेवण वाढल्यान आणि परत धाडल्यान. तुमीय जेवून जावा. मेघा येवची नाय."

माझा आवाज मोठा नव्हता, बाय. पण म्हटलं. मामा बरंच बोलले, मूल आमच्या घराण्याचं आहे वगैरे. मी ऐकून घेतलं. दर वेळी त्यांचं संपलं की मी तेच म्हटलं, मेघा येवची नाय. तुझ्याकडून शिकलो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणता येतं. ते जेवले नाहीत. फेरी चुकायचा प्रश्न नव्हता, गाडी दारातच होती. गेले.

मग आम्हीच जेवायला बसलो. सुमतीनं पाहुण्यांसाठी इसवण माशाचं हुमण केलं होतं, ते तिघांत खाल्लं. कुणी काही बोललं नाही, पण तो अबोला नव्हता. मेघानं दोनदा भात घेतला.

हात धुऊन मी कपाटावरची पिशवी खाली घेतली. सुमती बघत होती. "ही कोण ता तरी सांगा माका," म्हणाली. मी वर्तमानपत्र सोडलं, काच धोतराच्या टोकानं पुसली आणि सांगायला बसलो. या वेळी काही गाळलं नाही. एकाच मातीची दोघं, वर आणि खाली, समुद्रकाठ. त्या वरच्या पाखरांवर बोट ठेवून सांगितलं, हे तिघे, तिला परत आणायला पाठवलेले. मेघा ऐकत होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ऐकत होती.

"मगे?" सुमतीनं विचारलं.

"मगे काय? ती येवक नाय. ते तिघे परत गेले."

सुमतीनं चित्र हातात घेतलं. "बरा झाला," म्हणाली. मग उठून मेघाच्या खोलीत गेली आणि तिथून हाक मारली, "खिळो हंय मारा, पाळणो बांधतलों थंय." मी खिळा मारला. ती परसात जाऊन तांबडी दासण घेऊन आली. शुक्रवार नव्हता, पण तुझी लिलीबाय चालवून घेईल.

बाय, त्या दिवशी बांगडे कापता कापता तू विचारलं होतंस, तीन काय रे? मी खोटं सांगितलं. तीन दिवस नव्हते ते. तीन माणसं होती. त्यातला एक मी होतो. चुकलो गो.